बारकूबाईंचा उकिरडा

रवि. २ मार्च

सकाळी सातला श्रमदान. सावंतांनी शिट्टी आणली आहे. सोसायटीचा सेक्रेटरी झाला की माणसाला शिट्टी लागते, हे मला या वयात कळलं. गेटपासून तळ्यापर्यंतचा रस्ता झाडला. गुटख्याच्या पुड्या इतक्या, की या गावात जेवण कोण करतं असा प्रश्न पडावा.

गावातलं कोणी आलं नाही. आम्ही बिल्डिंगवालेच. सरपंचबाईंनी 'सुंदर गाव' स्पर्धेत गावाचं नाव दिलं आणि झाडू आमच्या हातात दिला. तक्रार नाही. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच रविवार इतर वारांपेक्षा वेगळा वाटतोय. टेलिफोन खात्यात असताना रविवारची वाट बघायचो, आता परत बघतो. बरं वाटतं.

कंबर गेली. बायको, म्हणजे सु., म्हणाली, "घरातला पंखा पुसायला सांगितला की आधीच जाते. आज निदान गाव झाडून गेली. प्रगती आहे."

बुध. ५ मार्च

सावंत चहाला. विषय एकच. आमच्या गेटच्या बरोब्बर समोरचा उकिरडा.

"गावात शिरलं की पहिलं दर्शन शेणाचं. समिती गाडीतून उतरणार नाही, पवार."

खरं आहे. डोक्याएवढा उंच ढीग, त्यावर कोंबड्या, माश्या विचारूच नका. पण उकिरडा बारकूबाईंचा. त्यांना सांगायचं कोणी? मी हात वर केले. गेल्या वर्षी सु.चा हात मोडला, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत ती बाई रोज दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणून देत होती. कोणी सांगितलं नव्हतं. ओळख एवढीच, की त्यांच्या म्हशीचं दूध आम्ही घेतो. पैशाचं काढलं तर म्हणाल्या, "भाऊ, भाकरीचा कसला पैसा?" अशा बाईला 'तुमची घाण उचला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सावंत म्हणाले, मग मी मुलाशी बोलतो.

शुक्र. ७ मार्च

काम फत्ते. दशरथ म्हणजे बारकूबाईंचा मुलगा. रेती-सिमेंटचा धंदा, पांढरी गाडी, पांढरे कपडे. सावंतांनी विषय काढला नाही तोच म्हणाला, "उचला की! जेसीबी मीच देतो. आय बाळकुमला गेलीय, नातीच्या हळदीला. होलीपर्यंत येत नाय."

उमदा माणूस. आपण उगीच घाबरत होतो.

रवि. ९ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. उकिरडा गेला! जेसीबीने तासाभरात साफ. डंपरमध्ये भरून वीटभट्टीच्या मागच्या खड्ड्यात. सावंतांनी शिट्टी वाजवून वाजवून गाल सुजवले. मग आम्ही जमीन सारखी केली, चुना टाकला, टायर रंगवून त्यांत झेंडू लावला. चौथ्या मजल्यावरची नेहा (घरून काम करते, आमचा ग्रुप तीच चालवते) हिने पाटी करून आणली होती: 'माझं गाव, सुंदर गाव', मधे लाल बदाम. सेल्फी पॉइंट. माझाही फोटो काढला. पोट आत घेऊन उभा राहिलो तरी आलंच.

घरी येऊन सु.ला फोटो दाखवला. तिने नीट पाहिला.

"बारकूबाईंना विचारलंत?"

"मुलाला विचारलं."

"उकिरडा मुलाचा आहे?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते. जेवलो, झोपलो.

गुरु. १३ मार्च. होळी

दुपारी बारकूबाई परत आल्या. रिक्षातून उतरल्या, हातात हळदीची पिशवी, नवं लुगडं. मी गेटपाशीच होतो. त्या उतरल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. झेंडूकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"भाऊ, हितं माजा उकिरडा व्हता."

मी म्हटलं, दशरथना विचारून, स्पर्धेसाठी, सगळ्यांनी मिळून... असलं काहीतरी. वाक्य पुरं झालंच नाही.

"मंग आता मी राब कशावर भाजू?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पिशवी खाली ठेवली, एका टायरवर बसल्या. थोड्या वेळाने उठून घरी गेल्या. पिशवी तिथेच राहिली. मी नेऊन दिली तेव्हा दारात दशरथ होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी होळी पेटली. गावातले सगळे होते, बारकूबाई नव्हत्या.

शुक्र. १४ मार्च

सु.ने समजावलं. तिचं माहेर महाडकडचं, तिला सगळं माहीत. मी नावाला वाईचा, वाढलो डोंबिवलीच्या चाळीत, मला काय कळणार. पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात, तो राब. त्या राखेत भाताचं बी पेरायचं. रोपं जोमाने येतात, ती उपटून मग सगळ्या शेतात लावायची, म्हणजे आवणी. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर आवणी नाही. बारकूबाई वर्षभर ढीग जमवतात तो त्याच्यासाठी.

हे ऐकून वाईट वाटलं. पण पुढचं त्याहून वाईट होतं. सु. सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसली होती. बाकीची सगळी जमीन टॉवरखाली गेली आहे, काळू नदीकाठचं एक शेत उरलंय. तेही बिल्डरला द्यायचं म्हणून दशरथ दोन वर्षं मागे लागलाय. बारकूबाईंनी त्याला शब्द दिलाय: ज्या वर्षी माझी आवणी होणार नाही, त्या वर्षी सही करीन, तोवर नाव काढायचं नाही.

म्हणजे 'उचला की' त्यासाठी होतं. आणि आम्ही शिट्टी वाजवत होतो.

सु. म्हणाली, "त्या म्हणाल्या, शब्द दिलाय तो दिलाय."

संध्याकाळी बारकूबाई दूध घेऊन आल्या. नेहमीसारख्या. मापावर थोडं जास्तच घातलं, तेही नेहमीसारखं. मला वर बघवेना.

शनि. १५ मार्च

सावंतांना घेऊन वीटभट्टीवर. खड्डा बुजलाय. आमच्या शेणावर कोणीतरी बांधकामाचा राडारोडा ओतलाय, फरशा, बेसिन, काय काय. सावंत काठीने उकरत होते. सेक्रेटरी, इस्त्रीची पँट, आणि बेसिनखालून शेण काढतायत. हसू आलं नाही.

येताना ते म्हणाले, "खत विकत आणून देऊ. रोपंही मिळतात विकत." बारकूबाईंना विचारलं. "मिलतात," म्हणाल्या. "पन आमचा बियाना घरचा हाय. सासूच्या हातचा. त्यो कशान पेरू?"

दशरथ वाटेत भेटला. मी तावातावाने बोलायला गेलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तिला दम लागतो. मागच्या साली शेतान चक्कर येऊन परली. उचलून मी आनली, तुमी नाय. तुमाला काय वाटतं, मला पैशाचीच हाव हाय?"

घरी येऊन सु.ला सांगितलं, तर ती म्हणाली दोघंही खरं बोलतायत. मग मी कोणावर चिडू?

रवि. १६ मार्च

श्रमदान रद्द. मीटिंग. शेवटी सु. उठली. चार माणसांत ती कधी बोलत नाही.

"घेतलंय ते परत द्यायचं. उकिरडा घेतला, उकिरडा द्या."

सावंत: "वहिनी, पुढच्या महिन्यात समिती येतेय!"

सु.: "मग लवकर लागा."

कोणीतरी म्हणालं, त्यांच्या घरामागे करू, रस्त्यावर नको. नेहा बघून आली. मागे सगळीकडे दशरथने पेव्हर ब्लॉक टाकलेत. मोकळी जागा ती एकच, सेल्फी पॉइंटची. तेव्हा गाव सुंदर करणाऱ्या मंडळाने सर्वानुमते ठराव केला की गेटसमोर पुन्हा उकिरडा करायचा. मी अनुमोदन दिलं. असला ठराव जगात कुठे झाला नसेल.

मंगळ. १८ मार्च

नेहाचा ग्रुपवर मेसेज: 'ज्यांच्याकडे शेण उपलब्ध असेल त्यांनी कृपया संपर्क साधावा.' दुसऱ्या मजल्यावरून उत्तर: 'मी चुकीच्या ग्रुपमध्ये आहे का?'

शेण पलीकडच्या तबेल्यातून मिळेल. तबेलेवाला म्हणाला, घेऊन जा, उलट माझं काम वाचेल. माझ्या स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागी गोणी. सु. मागे बसायला तयार नाही.

पालापाचोळा तर आम्ही रोजच झाडतो! इतके दिवस काळ्या पिशव्यांत भरून घंटागाडीला देत होतो. आता सरळ समोर.

रवि. २३ मार्च

बारकूबाई बुधवारी पहिल्यांदा उकिरड्यापाशी आल्या. आम्ही टाकलेलं काठीने उलटंपालटं करून पाहिलं. चमचे निघाले. आईस्क्रीमचे. एक मोबाईलचं कव्हर. त्यांनी ते उचलून सावंतांच्या हातात दिलं.

"ह्यो तुमचा काय?"

तेव्हापासून रोज सकाळी खुर्ची टाकून बसतात. ज्याची बादली येईल ती तपासतात. प्लास्टिक दिसलं की नाव घेऊन हाक. "ए चौथ्या माल्याची, हिकरं ये!" ओला-सुका वेगळा करा म्हणून सावंतांनी तीन वर्षं सूचना लावल्या, दंडाची धमकी दिली. काही उपयोग नाही. आता सगळे सुतासारखे सरळ, कारण हाक साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाते.

आणि एक. आज गावातली एक म्हातारी डोक्यावर घमेलं घेऊन आली, शेण टाकलं आणि गेली. मग आणखी एक. मग एक माणूस बैलाच्या गोठ्यातलं घेऊन. रविवारी झाडायला बोलावलं तेव्हा यांच्यातलं कोणी फिरकलं नव्हतं. मी सु.ला म्हटलं, बघ, आले. ती म्हणाली, "तेव्हा आपण त्यांच्या दारात त्यांना झाडायला शिकवत होतो. आता मागतोय."

बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. तीन वर्षं या गावात राहतो, आज पहिल्यांदा चार जणांनी नावाने हाक मारली. हाक 'शेनवाले काका' अशी होती, पण चालेल.

रवि. ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. उकिरडा गुडघ्याच्या वर आलाय. लाल बदामाची पाटी त्याच्यामागून डोकावते: 'माझं गाव, सुंदर गाव.' लोक थांबून फोटो काढतात. सावंत पाटी हलवा म्हणतात. नेहा हसून हसून हलवत नाही.

मंगळ. १५ एप्रिल

उद्या समिती. सावंतांचं ब्लडप्रेशर वाढलंय. हिरवी जाळी आणली आहे, बांधकामाला लावतात ती. झाकू या म्हणतात. मी भडकलो. झाकायचं काय? चोरी आहे का? नेहा माझ्या बाजूने, अर्धी बिल्डिंग सावंतांच्या. आवाज चढले.

बारकूबाई खुर्चीवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "झाका. पाव्हना येनार असला का आपन घर आवरतावच ना?"

माझी तत्त्वं एका वाक्यात जमीनदोस्त. जाळी बांधायला मीच शिडीवर चढलो.

बुध. १६ एप्रिल

समिती आली. एक मॅडम, दोन साहेब. शाळा, अंगणवाडी, तळं, गटारं पाहिली. नळ सोडून पाहिले. सगळं छान. मग गेटपाशी. मॅडमनी जाळीकडे बोट केलं.

"हे काय झाकलंय?"

सावंत खोकले. नेहाने फोन काढला. मी आकाशात बघत होतो. सु. म्हणाली, "उकिरडा."

मॅडमनी जाळी वर केली. आत डोकावल्या. बारकूबाई तोवर उठून आल्याच होत्या, त्यांनी सगळं सांगितलं. राब, आवणी, जेसीबी, सगळं. आमची बाजूही सांभाळून घेतली. "चुकून उचलला त्यांनी. परत पन त्यांनीच केला." मॅडमनी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही. चेहऱ्यावरून तर काहीच नाही. एका साहेबांनी रुमाल नाकाला लावला होता, तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

सावंत म्हणाले, गेलं. सगळं गेलं. पण रागावले नाहीत. रात्री मला फोन केला, "तुमच्या मिसेसना सांगा, बरं केलं. माझ्या तोंडून निघालं नसतं."

रवि. २७ एप्रिल

आज राब भाजला. पहाटे वारा नसतो म्हणून लवकर. सगळा उकिरडा टोपल्यांनी शेतावर नेला, बिल्डिंग आणि गाव मिळून. काळूच्या काठचं ते शेत मी आज पहिल्यांदा पाहिलं. छोटंसं. तिन्ही बाजूंनी टॉवर. बारकूबाईंनी थर लावून घेतले, कुठे फांद्या, कुठे शेण, वर माती. मग स्वतः काडी लावली. भडका होऊ द्यायचा नाही, नुसतं धुमसत ठेवायचं. आम्ही सगळे धुरात खोकत उभे.

परत येताना सावंत एकदम थांबले. गेटसमोरची जागा रिकामी. स्वच्छ.

"म्हणजे दर वर्षी हे असंच इथून जातं?"

"हाव," बारकूबाई म्हणाल्या. "होली झाली का लगीच. ह्या साली उशीर झाला. परत हळूहळू जमवायचा."

"म्हणजे आम्ही नुसते थांबलो असतो..."

तसेच टायरवर बसले. मग जे हसायला लागले ते थांबेनात. बारकूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी या माणसाला शिट्टीवरून किती नावं ठेवली.

शनि. १७ मे

निकाल. तालुक्यात नंबर आला! जिल्ह्याच्या फेरीत गेलोय. ओल्या-सुक्यासाठी खास कौतुक. शेरा एकच: रस्त्यालगतचा उकिरडा अंतिम पाहणीपूर्वी हटवावा. पाहणी दिवाळीच्या सुमाराला.

आज सकाळीच बारकूबाईंनी नव्या उकिरड्यावर चौथं का पाचवं घमेलं टाकलं. मी शेऱ्याचं सांगितलं. "दिवालीला बघू," म्हणाल्या.

मंगळ. १० जून

बी पेरलं. सासूचं बियाणं एका गाडग्यात, तोंडाला फडकं. त्यांनी मूठभर माझ्या हातात दिलं, टाका म्हणाल्या. मला कसं टाकतात ते ठाऊक नाही म्हटलं. "कबुतरांना टाकता तसा," म्हणाल्या. टाकलं. घरी येऊन हात धुतले तेव्हा थोडं जिवावर आलं.

रवि. १३ जुलै

आवणी. मरणाचा दिवस. चिखलात गुडघाभर, पाठीचं धनुष्य. सावंतांची चप्पल चिखलाने गिळली ती मिळालीच नाही. नेहा सरळ ओळीत लावते, मी लावलेलं बारकूबाई मागून उपटून पुन्हा लावतात. गावातल्या बायका गाणी म्हणतात, आमच्याकडून फक्त उसासे.

दुपारी दशरथ बांधावर येऊन उभा राहिला. पांढरे कपडे. आईकडे बघत होता. ती दम खायला थांबली की हा एक पाऊल पुढे यायचा. शेवटी बूट काढले, पँट दुमडली, उतरला. हात काय चालतो त्याचा! लहानपणीचा. आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला.

निघताना मला म्हणाला, "ह्या साली झाली. पुढच्या साली कोन करनार, काका? तिचा वय बघा."

मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "तुमचा बघू, माजा बघू. करायचा कोनी तरी लागतं."

बरोबर आहे त्याचं. तरीही आज कृतज्ञ वाटलं, कोणाबद्दल ते नीट सांगता येत नाही. आवणी झाली. सही टळली. सु.ने पाठीला तेल चोळलं आणि वर म्हणाली, "पंखा पण पुसायचा राहिलाय."

शनि. २० सप्टेंबर

भात पोटरीला आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. उकिरडाही कमरेएवढा. सरपंचबाईंचा फोन: पाहणी २७ ऑक्टोबरला नक्की. उकिरड्याचं काय ते तुम्हीच बघा.

बारकूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दिवाळीचा दिवा लागल्याशिवाय उकिरडा हलवत नाहीत. म्हटलं, उकिरड्यावर दिवा? "मंग? घराला भात त्योच देतो." नंतर काय करायचं ते म्हणाल्या नाहीत. खोकत होत्या.

सोम. १३ ऑक्टोबर

बारकूबाईंना काल कल्याणला हॉस्पिटलात नेलं. छातीत पाणी. दशरथ स्वतः गाडी चालवत गेला. आज दूध आलं नाही. सु. सकाळपासून भांडं ओट्यावर ठेवून बसली होती, शेवटी तिनेच उचलून ठेवलं.

ग्रुपवर कोणीतरी लिहिलं: 'आजी घरी नाहीत तर आत्ताच उचलून घेऊ या का?' मी फोन हातात घेतला, चांगलं खरमरीत लिहायचं ठरवलं. त्याआधीच सावंतांचं उत्तर: 'नाही.' एवढंच. देव भलं करो त्या माणसाचं. शिट्टीसकट.

म्हशीची धार काढायला गावातली एक बाई येते. गोठा कोण झाडतं माहीत नाही. उकिरड्यावर दोन दिवस नवं काही पडलेलं नाही. आम्ही पाला टाकतो, पण पाला म्हणजे काही...

शनि. १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

सु. कल्याणला जाऊन आली. बारकूबाईंच्या तोंडावर मास्क. बोलायची बंदी. तरी मास्क सरकवून आधी म्हणाल्या, "उकिरड्यावर आज दिवा लावा. अंधारान ठेवू नका." मग, "म्हशीला पेंड घालतात का?" नर्स ओरडली तेव्हा गप्प बसल्या. सोमवारी सोडतील असं डॉक्टर म्हणतात. शेतात परत जायचं नाही असंही म्हणतात.

संध्याकाळी सु.ने पणती भरून माझ्या हातात दिली. "तुम्हीच जा. उचलला तुम्ही होता."

खाली गेलो. झेंडूच्या टायरपाशी कोणीतरी होतं. जवळ गेलो तर दशरथ. सदऱ्याच्या बाह्या वर, हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले, घमेलं उकिरड्यावर उपडं करत होता. रिकामं घमेलं हातात घेऊन तसाच उभा राहिला. मला बघून ओशाळला.

"म्हशीचा शेन व्हता. टाकला."

"टाका," मी म्हटलं.

पणती ठेवायची कुठे, मला कळेना. ढीग उतरता, पणती कलंडत होती. त्याने वाकून हातानेच शेण थापलं, सपाट जागा केली. "आय हितंच ठेवते. उगवतीला." ठेवली. वारा होता. काडी दोनदा विझली, मग त्याने एका बाजूने आणि मी एका बाजूने आडोसा केला तेव्हा वात धरली. मला त्याला विचारायचं होतं, पुढच्या वर्षीचं. तोंडाशी आलेलं परत गिळलं.

जाताना म्हणाला, "कापनी भाऊबीज झाली का धरू. तुमची मान्सं येतील ना?"

"येतील. सगळी येतील."

त्याने मान डोलवली. घमेलं तिथेच उकिरड्याशेजारी उपडं ठेवून गेला. बारकूबाई ठेवतात तसं.

वर आलो. सरपंचबाईंचा मेसेज: '२७ ला समिती. उकिरडा हटतोय ना?' काय लिहावं समजत नाही. बाल्कनीतून दिवा दिसतोय. सु. म्हणते, घाईत तेल कमी घातलं होतं, फार वेळ टिकणार नाही.

तेलाची बुधली घेऊन खाली जातो.